पावणेबारापर्यंतचा सिनेमा

मुन्शीजींना काहीही सांगायला गेलं, की ते आधी विचारायचे, "पाहिलं का ऐकलं?"

दूधवाला म्हणाला खुलताबादकडं पाऊस झाला, तरी हेच. शेजारणीनं सांगितलं अमक्याच्या पोरीचं लग्न मोडलं, तरी हेच. "ऐकलं" म्हणालं की माशी हाकलल्यासारखा हात हलवायचे आणि विषय संपायचा. "पाहिलं" म्हणालं तर बसवून घ्यायचे, मग सुटका नव्हती. कुठं उभे होतात? उजेड किती होता? मधे झाड, भिंत काही? दूधवाला शेवटी शेवटी सगळंच ऐकलेलं सांगायला लागला होता.

निजामाच्या राज्यात ते कोर्टात दुभाषे होते. कुणब्यांच्या मराठी साक्षी उर्दूत उतरवायच्या, हे काम. घराणं मूळचं भिक्षुकाचं, पण आजोबांपासून पोट लेखणीवर. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि अक्षर असं, की वकील लोक नुसतं बघायला कागद मागून घेत म्हणे. (हे मी ऐकलेलं आहे.) पोलीस ॲक्शन झाली, कोर्टाची भाषा बदलली आणि पस्तिशीच्या माणसावर पुन्हा बाराखडी गिरवायची वेळ आली. त्यांनी ती गिरवली. निवृत्त होईपर्यंत नोकरीही केली. पण त्यांचं मराठी अक्षर शेवटपर्यंत दुसरीतल्या पोरासारखंच राहिलं.

मी त्यांच्या माडीवर राहायला गेलो तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मी गंगापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नवानवा सुपरवायझर. घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "गंगापूरवाले" म्हणायचे, आणि माझ्यासारख्या पंचविशीतल्या पोराला अहोजाहो करायचे. कपाळाला भस्म आणि अंगात कोपरावर ठिगळ लावलेली शेरवानी, असा वेष. गल्लीत त्यांना कोणी हसत नसे, कारण सगळ्यांच्या घरचे जुने उर्दू कागद तेच वाचून द्यायचे.

हसण्यासारखी गोष्ट अंगणात घडायची. अंगणात तुळशीच्या बाजूला एक लहानसं शिवलिंग होतं. दर सोमवारी मुन्शीजी त्याच्यापुढं उभं राहून एक अर्ज वाचायचे. उर्दूत, कोर्टाच्या थाटात, 'हुजूर'पासून सुरुवात करून. वाचून झाला की घडी घालून लाल फडक्यात बांधून ठेवायचे. त्या फडक्याचं गाठोडं उशीएवढं झालं होतं. मला निम्मं समजायचं नाही, पण मजकूर एकच असायचा. मुलीच्या प्रकृतीच्या मामल्यात हुजुरांनी आता आणखी तारीख देऊ नये, फैसला करावा.

"मुन्शीजी, महादेवाला उर्दू येतं का?" मी एकदा विचारलं.

"दख्खनमधे इतकी शतकं काढली त्यानं. तुम्हाला पंचवीस वर्षांत मोडकंतोडकं आलं, त्याला नाय येणार?"

मुलगी म्हणजे ताई. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. आई लहानपणीच गेलेली. ताई मुलींच्या शाळेत शिकवायची. एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता तिच्या हातातून खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. मुली हसल्या, तीही हसली. मग वेणी घालता येईना. मग जिना चढता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, हळूहळू वर चढत जाईल, याला औषध नाही. मी राहायला आलो तेव्हा ती भिंतीला धरून चालायची. वर्षाच्या आत तीही चाल गेली. मुन्शीजी तिची वेणी घालायला शिकले, आणि रोज बाराच्या ठोक्याला तिला भरवायचे. बाराचे सव्वाबारा त्यांनी कधी होऊ दिले नाहीत. मी एकदा म्हणालो, मी भरवतो, तुम्ही पडा जरा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुन्हा विचारलं नाही.

त्यांना घरातून बाहेर काढायची कल्पना ताईची. "बाबा दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसतात," ती मला म्हणाली. "त्यांना कुठंतरी घेऊन जा रे. बाजारात ने, सिनेमाला ने. दोन तास मला कोणी बघू नये असं वाटतं."

रविवारी सकाळी एका टॉकीजमधे इंग्रजी सिनेमे लागायचे. आम्ही गेलो त्या रविवारी एका अमेरिकन बॉक्सरच्या आयुष्यावरचा सिनेमा होता. मुन्शीजींनी त्याआधी जन्मात तीन सिनेमे पाहिले असतील, आणि इंग्रजी त्यांना कामापुरतंच येत होतं. तरी ताईनं शपथ घातली म्हणून आले. शेरवानी घालून पुढच्या रांगेत बसले, गवाही ऐकायला बसल्यासारखे.

सिनेमा साधाच होता. गरिबाचं पोरगं. बाप खाणीत मेलेला. पोरगं मार खात खात मोठं होतं, ठोसे मारायला शिकतं. पडतं, पंच आकडे मोजतो, दहाच्या आत उठतं. शेवटी अजिंक्यपदाची लढत. समोरचा डोंगरासारखा. पंधरा फेऱ्या. दोघांच्या डोळ्यांच्या खाचा झालेल्या, तोंडं रक्तानं माखलेली. घंटा होते, आपला गडी जिंकतो, आणि तो डोंगरासारखा माणूस पुढं येऊन त्याला मिठीत घेतो. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरांसारखी रडतात.

तेवढ्यात मुन्शीजींनी खिशातलं घड्याळ काढलं. पावणेबारा. "चला," म्हणाले, आणि उठले. मीही उठलो. मलाही वाटलं, संपलाच आता.

बाहेर ऊन रणरणत होतं. शहागंजातनं येताना ते भराभर चालत होते. घड्याळाच्या मनोऱ्याखाली, भाजीवाल्यांच्या गर्दीत एकदम थांबले.

"गंगापूरवाले, तो दुसरा कोण होता, ओळखलं?"

"दुसरा पहिलवान."

"महादेव."

एक हातगाडीवाला ओरडला, "ओ चचा, बाजू हटो," तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी मला तिथंच ती गोष्ट सांगितली. मला लहानपणी आजीनं सांगितली होती तीच. वनवासातला पांडव तप करतो, महादेव भिल्लाच्या रूपात येतो, शिकारीवरून भांडण काढतो. बाण संपतात, तलवार मोडते, मग नुसत्या मुठी. पांडवाला माहीत नाही आपल्याला कोण मारतंय. मार खाऊन खाली पडतो, उठतो, पुन्हा पडतो. आणि शेवटी मारणाराच त्याला उराशी धरतो.

"मी इतकी वर्षं त्याला न्यायाधीश समजून अर्ज करत बसलो," मुन्शीजी म्हणाले. "तो खुर्चीवर नायच. तो खाली आखाड्यात आहे. जो मारतोय तोच तो. माझ्या पोरीला जे झालंय ना, ते तोच आहे. तो तिच्याशी लढतोय, गंगापूरवाले. आवडत्याशीच लढतो तो."

घरी येऊन त्यांनी आधी ताईला भरवलं. मग अर्जांचं गाठोडं अंगणात आणून शिवलिंगापुढं ठेवलं आणि म्हणाले, "दावा काढून घेतला." त्या दुपारी ते शीळ घालत होते. ताईनं मला खालून हाक मारली. "अरे, काय दाखवलंस त्यांना? बाबा शीळ घालतायत. आई गेल्यापासून ऐकली नव्हती."

पुढच्या सिनेमाच्या रिळांची पेटी आली नाही म्हणून तोच सिनेमा आणखी तीन रविवार चालला. दुसऱ्या, तिसऱ्या रविवारी मुन्शीजी एकटे गेले, आणि दोन्ही वेळा बाराच्या आत घरी आले. चौथ्या रविवारी ताईला धाप लागली होती म्हणून थांबले. मला म्हणाले, "तुम्ही जाऊन या. त्याला माझा नमस्कार सांगा."

मी गेलो. पावणेबाराला उठायचं कारण नव्हतं, म्हणून बसून राहिलो. सिनेमा संपला नव्हता. अजून वीस मिनिटं होती.

मिठीनंतर पडदा काळा होतो, आणि मग तोच बॉक्सर दिसतो, म्हातारा, भाड्याच्या खोलीत. डोक्याला इतके मार बसलेत, की बोलणं बोबडं झालंय. हात थरथरतात. शर्टाची गुंडी लावायला बघतो, लागत नाही. बायको लावते, तर तिला विचारतो, तू कोण. त्याला भेटायला कोणी येत नाही, तो मिठी मारणाराही नाही. समोर शाळा असते. शाळेची घंटा होते. घंटा ऐकून तो धडपडत उठतो, मुठी वळतो, आणि रिकाम्या भिंतीसमोर उभा राहतो. बायको त्याला धरून खाली बसवते. संपलं.

घरी आलो तेव्हा मुन्शीजी वैद्याकडं तेल आणायला गेले होते. ताई एकटीच होती.

"बाबा बाराच्या आत येतात," ती म्हणाली. "तुला आज साडेबारा झाले. म्हणजे अजून काहीतरी आहे ना पुढं?"

ती शिक्षिका होती, तिच्यापुढं मला खोटं बोलता यायचं नाही. मी सगळं सांगितलं. ती छताकडं बघत ऐकत होती.

"गुंडीपण लावता येत नव्हती?"

"नाय."

मग म्हणाली, "बाबांना सांगू नको."

"त्यांनी विचारलं तर?"

"विचारणार नाहीत. त्यांच्या लेखी तो तिथंच संपलाय. माझं काय होणारंय ते मला डॉक्टरांनी सांगितलंय, मला ठाऊक आहे. त्यांना सिनेमा राहू दे."

तिथून पुढं जवळजवळ वर्षभर असं चाललं. मुन्शीजी सकाळी तिच्या उशाशी बसून विचारायचे, "आज कितवी फेरी?" ती म्हणायची, "सातवी, बाबा." कधी म्हणायची, "आज मीपण एक ठेवून दिला त्याला." मग ते अंगणात जाऊन शिवलिंगाला बेल वाहायचे आणि म्हणायचे, "लागलं का आज? लागायलाच पाहिजे. माझी पोर आहे." कापडाचा एक चेंडू शिवला होता, तो तिच्या मुठीत देऊन दाबायला लावायचे. तिला उठवून बसवताना आकडे मोजायचे. एक, दोन, तीन... दहाच्या आत ती बसती झाली पाहिजे. झाली की टाळी वाजवायचे. डॉक्टर एकदा चिडून म्हणाले, "अहो, तिला विश्रांती द्या, तिची ताकद उगाच जातेय." मुन्शीजींनी हात हलवून माशी हाकलली.

शिवरात्रीला त्यांनी अभिषेक केला नाही. उघड्या अंगानं शिवलिंगासमोर उभे राहिले, दोन्ही मुठी वळल्या आणि लढायला उभे राहतात तसे राहिले. दारातून बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून निघून गेल्या. त्यांचा एक चुलतभाऊ येऊन बरंच बोलून गेला. म्हणाला, देवाला हात दाखवतोस, तळपट होईल. मुन्शीजी नुसते हसले. मी वरून बघत होतो. इतका सुखी माणूस मी त्या गल्लीत दुसरा पाहिला नाही, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताईची एक गोष्ट. मुन्शीजी बाहेर गेले होते, मी तिला पाणी पाजायला खाली गेलो. चमचा तोंडाशी नेला तर ती रडत होती. डोळे पुसायला हात उचलत नव्हता, म्हणून पाणी कानात जात होतं. मी पुसलं.

"दमले रे," ती म्हणाली. "पडून राहावंसं वाटतं. नुसतं पडून. पण त्यांच्यासमोर पडायची सोय नाही."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको." मग थोड्या वेळानं, "ते मोजायला लागले ना, की मला त्या शाळेची घंटा ऐकू येते."

त्या दिवशी मी मुन्शीजींना सांगायला हवं होतं. मी जिन्यावर त्यांची वाट बघत बसलोसुद्धा. ते आले, हातात बेलाची पानं, तोंडानं शीळ. मला वाटलं, दोघांपैकी एकाला तरी आधार आहे, तो का काढा. मी वर निघून आलो.

ताई भाद्रपदात गेली, दिवसाढवळ्या, जेवणाच्या आधी. मी पाळी बदलून घरी होतो, म्हणून हे पाहिलेलं सांगतोय. मुन्शीजी तिला भरवायला बसतं करत होते. मागं हात घातला आणि मोजायला लागले. सहा, सात. तिची मान त्यांच्या दंडावर कलली. आठ. नऊ. ते थांबले. पुन्हा एकपासून सुरू केलं. शेजारच्या बाईंनी आत येऊन तिचे डोळे मिटले, तरी ते हळू आवाजात मोजतच होते, आणि दरवेळी नवावर थांबत होते.

स्मशानातून आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. डोळे कोरडे होते. "गंगापूरवाले, मिठी मारली त्यानं. शेवटी मारलीच." चुलतभाऊ कुजबुजला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण ते फिरलं नव्हतं. ते तेरा दिवस, आणि पुढं वर्षभर, तसेच ताठ उभे होते. रोज बेल वाहत होते. बाराला एक ताट वाढून ते स्वतः जेवत, एकेक घास सावकाश. मी मनात म्हणायचो, त्या सिनेमानं या माणसाला तारलं. सांगितलं नाही ते बरं केलं.

दुसऱ्या वर्षी तो सिनेमा परत आला. मी टॉकीजवर पोस्टर पाहिलं, मुन्शीजींनीही पाहिलं होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांना म्हणालो, उद्या नको, मला ताप आहे. ते म्हणाले, "मग मी एकटा जाईन. दोन वर्षांत त्याला भेटलो नाय." एकटं कसं जाऊ द्यायचं? सकाळी अंघोळ करून त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत म्हणालो, "मुन्शीजी, पाहिलेलाच आहे की. चला, त्यापेक्षा वेरूळला जाऊ, घृष्णेश्वराला." ते हसले. "तिथं तो बसलेला आहे. इथं लढताना दिसतो."

मिठी झाली. त्यांनी सवयीनं घड्याळ काढलं, अर्धवट उठले, आणि पुन्हा बसले. "आता कोणाला भरवायचंय," असं स्वतःशीच म्हणाले. मी त्यांचा हात धरला. "चला मुन्शीजी, संपला." पण पडद्यावर उजेड आला होता. ते बघत होते.

वीस मिनिटं मी पडद्याकडं पाहिलं नाही, त्यांच्याकडंच पाहिलं. गुंडीच्या वेळेला त्यांचा हात आपल्या शेरवानीच्या गुंडीवर गेला. शाळेची घंटा झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

झाडूवाला येईपर्यंत आम्ही बसलो. मग बाहेर आलो. टॉकीजच्या पायरीवरच ते थांबले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"पाहिलं होतं का ऐकलं होतं?"

"पाहिलं होतं."

"आणि तिला?"

उत्तर द्यायला मला वेळ होता. रस्त्यावरनं एक टांगा पूर्ण निघून गेला, एवढा वेळ होता. पण जन्मभर लोकांकडून खरं वदवून घेणारा माणूस माझ्याकडं बघत होता. शिवाय मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. पोरीनं आपल्यासाठी किती केलं, असं वाटेल.

"मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "ती म्हणाली, बाबांना सांगू नको. तुमच्यासाठी, मुन्शीजी. तुम्हाला आनंद होत होता म्हणून."

ते पायरीवर बसले.

"म्हणजे ती एकटीच होती," ते म्हणाले.

"असं कसं? तुम्ही होतात की."

"मी मारणाऱ्याच्या बाजूनं होतो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, कोर्टात वाचून दाखवावा तसा. "तिला झोपायचं होतं. आकडे मी मोजत होतो."

घरी येऊन त्यांनी जोडे काढले आणि शिवलिंगाकडं नजर न वळवता आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिथं पाणी घातलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. मला वाटायचं, निदान शिव्या द्याव्यात, निदान पुन्हा अर्ज लिहावेत. मी एकदा धीर करून म्हणालोसुद्धा, "मुन्शीजी, एक अर्ज तरी करा."

"कोणापुढं?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं; उत्तराची वाट बघितली.

पुढं माझं लग्न ठरलं आणि मी चिकलठाण्याकडं खोली घेतली. शहागंजात येणं कमी झालं. खरं सांगायचं तर टाळलं. तीनेक वर्षांनी, मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन गेलो. ते खूप थकले होते. दार त्यांनीच उघडलं. चहा स्वतः केला, मला उठू दिलं नाही. कापसाचं कसं आहे, वडलांचा दमा कसा आहे, मुलीचं नाव काय ठेवलं, सगळं विचारलं. मी सांगत गेलो. एकदाही त्यांनी विचारलं नाही, की हे पाहिलं का ऐकलं.

मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आले.

"त्या दिवशी, टॉकीजच्या पायरीवर," ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या मुलीसाठी पेढ्यांच्या पुड्यातले दोन पेढे परत माझ्या हातात ठेवले.